टिचबटणाची कवळी

सकाळी ७.३०

मिरजेत तंतुवाद्यांच्या दुकानांपासून चालत पाच मिनिटांवर, एका जुन्या वाड्याच्या पडवीत ही डेंटल लॅब आहे. दोन खोल्या, एक मोरी. भाडं महिना ६,००० रुपये. मालक आणि कारागीर एकच. वय ५४. गल्लीत सगळे त्यांना मामा म्हणतात. मीही मामाच म्हणतो.

कुलूप काढल्यावर मामा पहिल्यांदा कोपऱ्यातल्या पाण्याच्या टाकीत हात घालतात. रात्री हे पाणी ७४ अंशांवर आठ तास तापलेलं होतं. पहाटे टायमर बंद झाला, मग ते आपलं आपण निवत गेलं. पाणी अजून किंचित कोमट लागतंय. मामा हात पुसतात आणि केरसुणी घेतात.

"गरम असताना फ्लास्क उघडला तर कवळी वाकते. डोळ्यांना दिसत नाही. तोंडात गेली की कळतं."

सकाळी ८.१०

तीन पितळी फ्लास्क बाहेर येतात. डब्यासारखे, दोन भागांचे, क्लॅम्पमध्ये आवळलेले. मामा मधला उचलतात. झाकणावर पेन्सिलीनं लिहिलंय : 'क. महांकाळ, आजी, खालची'.

क्लॅम्प सुटतो. झाकण निघतं. आत घट्ट प्लास्टर, आणि प्लास्टरच्या पोटात कवळी. आधी करवतीनं कडेला चिरा. मग लाकडी हातोडीचे दोन ठोके. मग पकडीनं तुकडे. दातांजवळ आलं की मामा पकड खाली ठेवतात आणि छोटी सुरी घेतात. इथे जोर लावला तर खालची कवळी बरोबर मधोमध मोडते. ती मुळातच घोड्याच्या नालेच्या आकाराची पट्टी. वरच्या कवळीसारखा टाळूचा आधार तिला नाही.

ही मोडू नये म्हणून आत धातूची बारीक जाळी घातली आहे. कारण हिच्या पोटात दोन खड्डे आहेत. खड्डा आला की तिथे ॲक्रिलिक पातळ झालं, आणि पातळ झालं की तडा तिथूनच जातो. हे दोन खड्डे सुळ्यांच्या जागी आहेत. दुपारी त्यांत दोन टोप्या बसायच्या आहेत. आजींच्या जबड्यात साडेतीन महिन्यांपूर्वी टायटॅनियमचे दोन इम्प्लांट बसवले आहेत. पेशंट त्यांना स्क्रू म्हणतात. स्क्रूवर गोल बटण, कवळीत टोपी. आजींनीच पहिल्या भेटीत त्याला नाव दिलं होतं, टिचबटण. तेव्हापासून लॅबमध्ये आणि दवाखान्यातही हे काम 'टिचबटणाचं' झालंय.

प्लास्टरची शेवटची कपची निघते. कवळी अख्खी आहे. मामा ती नळाखाली धरतात आणि काही न बोलता बाजूच्या वाटीत पाण्यात टाकतात. तयार कवळी कोरडी ठेवायची नाही.

सकाळी ९.००

डिलिव्हरीचा पोरगा स्कूटरवरून सहा पिशव्या आणतो. मिरजेतल्या दोन दवाखान्यांच्या, सांगलीच्या तीन, आणि एक जतहून एसटीनं आलेली. मिरज पहिल्यापासून दवाखान्यांचं गाव. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली इथे मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून कर्नाटकाच्या बाजूनंही पेशंट इकडे येतात. दवाखाने आले की त्यांच्या मागून लॅब येतात, त्या मात्र गल्लीबोळात.

गावातल्या पिशव्यांत जबड्यांचे ताजे ठसे आहेत, ओल्या कपड्यात गुंडाळलेले. हे आल्जिनेट, सुकलं की आक्रसतं. त्यामुळे चहा नंतर. पोरगा रबरी वाटीत पिवळा स्टोन घेतो. शंभर ग्रॅमला तीस मिली पाणी. साधं प्लास्टर असेल तर पन्नास. स्पॅच्युलानं घोटायचं, व्हायब्रेटरवर ठसा धरायचा, आणि एका टोकाकडून थेंबाथेंबानं स्टोन आत सोडायचा. वरून ओतला तर हवा अडकते आणि मॉडेलवर दाताच्या जागी बुडबुडा राहतो. पोरगा एकोणीस वर्षांचा आहे. महिना ९,००० मिळतात. त्याच्या मनगटाला हे वजन आता पाठ झालंय.

जतची पिशवी वेगळी. तिथल्या डॉक्टरांनी मॉडेल करूनच पाठवलंय, कारण एवढ्या प्रवासात ठसा टिकला नसता.

सकाळी १०.००

आजींची कवळी मायक्रोमोटरखाली आली आहे. टंगस्टन कार्बाइडचा बर फिरतो, गुलाबी भुगा उडतो. मामांनी मास्क लावलाय, खिडकीतला पंखा बाहेरच्या दिशेनं लावलाय. तरी भुवया गुलाबी होतात. जास्तीच्या कडा काढायच्या, पण किती? कड लांब राहिली तर ओठाखाली रुतते. आखूड झाली तर हवा शिरते आणि कवळी उचलली जाते. मामा बर थांबवतात, कडेवरून अंगठा फिरवतात, पुन्हा बर लावतात. अंगठ्याचं मोजमाप कुठल्याही वहीत लिहिलेलं नाही.

आतली बाजू, म्हणजे हिरडीवर टेकणारी, तिला पॉलिश करायचं नाही. तिथे फक्त टोचणारे कण शोधायचे. मामा कापसाचा बोळा फिरवतात. जिथे कापूस अडकतो तिथे कण आहे.

मग लेथ. कापडी चाक, ओला प्युमिस. चाकावर कवळी धरताना दोन्ही हात लागतात. सुटली तर भिंतीवर आपटते. भिंतीवर तशी एक खूण आहे, सात-आठ वर्षांपूर्वीची. तेव्हाची कवळी मामांनी पदरचं सामान घालून पुन्हा केली होती.

सकाळी ११.१५

खिडकीजवळच्या टेबलावर एक मुलगी दात लावतेय. दंत परिषदेच्या मान्यतेचा डेंटल मेकॅनिकचा दोन वर्षांचा डिप्लोमा तिनं केलाय. पगार १४,०००. समोर स्पिरिटचा दिवा, आर्टिक्युलेटरवर दोन मॉडेल, त्यांवर गुलाबी मेणाच्या पाळी. पुढच्या सहा दातांचं एक कार्ड, मागच्या आठांचं दुसरं. वरचे-खालचे मिळून अठ्ठावीस दात. अक्कलदाढा कवळीत कोणी लावत नाही.

ती सुरी दिव्यावर धरते, मेणात खाच करते, दाढ बसवते, आर्टिक्युलेटर मिटते, उघडते. पुन्हा मेण. खालची दाढ हाडाच्या उंचवट्यावर यायला हवी. जिभेकडे सरकली तर जीभ तिला प्रत्येक घासाला ढकलणार.

"टिचबटण असेल तर एवढं बघावं लागत नाही ना?" मी विचारतो.

ती मान वर करत नाही. "जास्त बघावं लागतं."

मामा लेथवरून बोलतात. "लोकांना वाटतं, स्क्रू आला म्हणजे कवळी स्क्रूवर बसली. तसं झालं तर ती टिकायचीच नाही. कवळीनं हिरडीवरच बसायचं. स्क्रूनं फक्त धरून ठेवायचं."

मला हे समजायला वेळ लागला. हिरडी मऊ, दाबली की थोडी खाली जाते. स्क्रू हाडात पक्का, तो जात नाही. कवळीचा भार दोन टोप्यांवर आला, तर चावताना ती त्यांच्यावर झुलते. आतलं रबर झिजतं, किंवा ॲक्रिलिकला तडा जातो. म्हणून साधी कवळी जेवढी नीट करायची, तेवढीच हीपण. हजारो रुपयांचा स्क्रू खाली आहे म्हणून इथे काही सूट मिळत नाही.

दुपारी १.००

डबे. ज्वारीची भाकरी, वांगं, शेंगदाण्याची चटणी. पोरगा खरेदीचा कागद वाचून दाखवतो. स्टोनची एक पिशवी, मोनोमरची बाटली, दातांचे चार सेट. मामा म्हणतात, दोनच आण. सांगलीच्या एका दवाखान्याचे अडीच महिन्यांचे पैसे थकलेत.

मी आजींच्या कामाचा हिशोब विचारतो. मामा चटणी संपवून सांगतात. दोन इम्प्लांट, त्यांवरची बटणं, टोप्या, वरची साधी कवळी आणि खालची ही, सगळं मिळून दवाखाना ६५,००० घेतोय. त्यात स्कॅन आला, ऑपरेशन आलं, सहा-सात भेटी आल्या. लॅबला त्यातले ४,५००. जाळी आणि दात धरून.

"कमी आहेत?"

"साध्या सेटला दोन हजार मिळतात," एवढंच उत्तर येतं.

दुपारी २.१५

कवठेमहांकाळचा दवाखाना. मामा सोबत मायक्रोमोटरची पेटी घेऊन आले आहेत. असल्या दिवशी डॉक्टरच त्यांना बोलावतात. टोप्या लॅबमध्ये बसवल्या तर ॲक्रिलिक शिजताना किंचित आक्रसतं आणि जागा केसभर चुकते. म्हणून त्या पेशंटच्या तोंडातच बसवायच्या.

आजी सुनेबरोबर आल्या आहेत. पंच्याहत्तरी उलटली आहे, त्यामुळे एसटीचा प्रवास फुकट. सुनेला अर्धं तिकीट. आजींच्या पिशवीत जुनी खालची कवळी आहे, रुमालात. लग्नाकार्यात घालायची आणि जेवायच्या आधी काढायची, अशी ती नऊ वर्षं वापरली.

"फोटोपुरती कवळी व्हती," आजी म्हणतात. "घास घेतला की नाचायची."

नाचणारच. दात गेले की जबड्याचं हाड झिजत राहतं, आणि खालचं हाड वरच्याच्या सुमारे चौपट वेगानं झिजतं. आजींच्या खालच्या जबड्यावर उंचवटा असा राहिलाच नव्हता. त्यांचे दात चाळिशीतच हलायला लागले होते. मिश्री पहाटे एकदा, दुपारी एकदा, असं लग्न झाल्यापासून. इम्प्लांट बसवण्याआधी डॉक्टरांची अट होती, मिश्री बंद. तंबाखूनं जखम भरायला वेळ लागतो आणि हाड स्क्रूला नीट धरत नाही.

"चार महिने हात लावला न्हाई," आजी सांगतात.

"आत्ती, तीनदा लावलीसा," सून म्हणते.

डॉक्टर हसत नाहीत. तिन्ही वेळा कधी ते विचारून कागदावर लिहून घेतात.

दुपारी २.४०

आजींचं तोंड उघडलंय. खालच्या हिरडीतून दोन सोनेरी बटणं वर आली आहेत, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. पुढच्या भागात, कारण मागे जबड्यातून शीर जाते. ती हनुवटीच्या दोन्ही बाजूंना बाहेर पडते. तिच्या पुढच्या पट्ट्यात हाड चांगलं आणि धोका कमी.

डॉक्टर प्रत्येक बटणावर एक पांढरी रबरी चकती घालतात, त्यावर टोपी. आता कवळी. खड्ड्यांत आधी पांढरी पेस्ट भरून बसवतात आणि काढून बघतात. डाव्या खड्ड्यात पेस्ट एका जागी पुसली गेली आहे. म्हणजे टोपी तिथे घासते. कवळी मामांकडे येते. बर, पाच सेकंद. पुन्हा पेस्ट. पुन्हा डावीकडेच, पण कमी. पुन्हा बर. चौथ्या वेळी दोन्हीकडे पेस्ट जशीच्या तशी राहते. जिभेच्या बाजूनं दोन बारीक भोकं पाडतात, जास्तीचा लगदा बाहेर यायला.

मग घाई. थंड ॲक्रिलिक वाटीत कालवायचं, खड्ड्यात भरायचं, कवळी बसवायची. डॉक्टर सांगतात, "आजी, हलकेच दात मिटा. चावायचं नाही. नुसते टेकवा."

जोरात चावलं तर हिरडी दबते आणि टोप्या दबलेल्या जागेवर पक्क्या होतात. मग हिरडी वर आली की कवळी तरंगते.

आठ मिनिटं. कोणी बोलत नाही, कारण आजींनी बोलायचं नाही आणि बाकीच्यांना बोलवत नाही. पांढऱ्या चकतीची काळजी सगळ्यांनाच आहे. लगदा तिच्या खाली शिरला आणि वाळला, तर कवळी बटणाला कायमची अडकते. मग कापून काढावी लागते.

हा सगळा खटाटोप स्वीडनमध्ये सुरू झाला. पेर-इंगवार ब्रॉनेमार्क सशाच्या हाडात टायटॅनियमची नळी बसवून रक्तप्रवाह बघत होते. प्रयोग संपल्यावर नळी निघेना. हाड तिला घट्ट धरून बसलं होतं. १९६५ साली त्यांनी योस्टा लार्सन या माणसाच्या खालच्या जबड्यात पहिले इम्प्लांट बसवले, आणि ते लार्सन यांना पुढे मरेपर्यंत, चाळीस वर्षं पुरले. पुढे २००२ साली कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी म्हटलं, ज्याच्या खालच्या जबड्यात एकही दात नाही त्याला पहिला पर्याय म्हणून दोन इम्प्लांटवरची कवळी द्यावी. दोन पुरतात. मला त्यात मोठी माणुसकी वाटते. चार, सहा म्हटलं असतं तर कवठेमहांकाळच्या या खुर्चीपर्यंत ते पोचलंच नसतं.

डॉक्टर घड्याळ बघतात. दोन्ही अंगठे कवळीच्या कडेखाली घालतात आणि वर उचलतात. टक्. डावी सुटली. टक्. उजवी. टोप्या कवळीत आल्या आहेत. मामा बाहेर आलेला लगदा घासून टाकतात आणि जिभेकडची भोकं बुजवतात.

दुपारी ३.२०

टोपीत कामापुरतं काळं नायलॉन असतं. ते हत्यारानं उपटून काढायचं आणि पकडीप्रमाणे दुसरं बसवायचं. या बनावटीत निळं सगळ्यात हलकं, गुलाबी मधलं, पांढरं घट्ट. सून म्हणते, घट्टच द्या. डॉक्टर आजींची बोटं बघतात. सांधे सुजलेले, अंगठा पुरता वळत नाही.

"निळंच. कवळी रोज काढता आली पाहिजे. वर्षभरात ते झिजेल, मग बदलू. चारशे रुपयांना एक."

आता आजींनी स्वतः घालायची. त्या कवळी तोंडात ठेवतात आणि चावून बसवायला जातात. सगळेच एकदम "नाही" म्हणतात. चावून बसवली तर तिरकी बसते आणि नायलॉन कापलं जातं. बोटांनी दोन्हीकडून सारखं दाबायचं. आजी दाबतात. टक्, टक्.

काढायला सात-आठ मिनिटं जातात. नख लागत नाही. मामा आरसा धरतात, सून जागा दाखवते. मामांच्या लक्षात येतं, डाव्या बाजूच्या कडेला बोट टेकायला जागाच नाही. ते कवळी घेतात, तिथे आणि उजवीकडे दाण्याएवढी खाच करतात, गुळगुळीत करून देतात. आता नख अडकतं. दुसऱ्या प्रयत्नात कवळी हातात येते.

"आता आकडे म्हणा. एकसष्टपासून."

"एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट..." सकार नीट यायला हवेत, दात एकमेकांवर आपटायला नकोत. पासष्टला हलकी शीळ येते. अडुसष्टला नाही. डॉक्टर म्हणतात, आठवड्यात जाईल, जीभ शिकते.

सुनेनं पिशवीत भाकरी आणली आहे, डॉक्टरांनी पहिले दोन दिवस मऊच खा असं सांगूनही. आजी कडेचा एक लहान तुकडा मोडतात. दोन्ही बाजूंनी चावा, असं सांगितल्यावर थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे. खूप वेळ चावतात. कोणीतरी पाणी पुढे करतं, त्या हातानं नको म्हणतात. गिळतात. मग दुसरा तुकडा मोडतात आणि पहिल्यांदाच मामांकडे बघून विचारतात, "तुम्ही केली व्हय ही?"

मामा पेटी बंद करत असतात. "दात पोरीनं लावलेत."

पैशांपैकी ४०,००० आधी भरले होते, द्राक्षाच्या पट्टीतून. आज १०,०००. उरलेले १५,००० तीन हप्त्यांत.

संध्याकाळी ५.००

लॅबमध्ये एक रिक्षावाला ताटकळतोय. वडिलांची वरची कवळी सिंकमध्ये पडून दुभंगली आहे. दोन तुकडे जुळतात. अर्ध्या तासाचं काम, २०० रुपये. तो दीडशे देतो. मामा घेतात.

संध्याकाळी ५.४०

उद्याचे फ्लास्क. सकाळी मेणात लावलेल्यांतले नाहीत, ते आधी पेशंटच्या तोंडात ट्रायलला जाणार. हे कालच्या ट्रायलचे. उकळत्या पाण्यानं मेण धुऊन निघालंय. प्लास्टरमध्ये दातांचे नुसते तळ उघडे दिसतात. मुलगी साच्याला सेपरेटिंगचा हात देते.

पावडर तीन भाग, मोनोमर एक भाग. झाकून ठेवायचं. आधी ओल्या वाळूसारखं, मग तारा सुटतात, मग कणकेसारखं. तेव्हाच भरायचं. थोडं पुढे गेलं की रबर होतं आणि साच्याच्या कोपऱ्यात शिरत नाही. मोनोमरचा वास डोक्यात जातो. पोरगा दार सताड उघडतो. हा वास शेजाऱ्यांना आवडत नाही, हे मामांना ठाऊक आहे. दिवाळीला ते वाड्यातल्या सगळ्या घरी मिठाई देतात.

सेलोफेन, प्रेस, हळूहळू दाब. उघडायचं, बाहेर आलेलं कापायचं, पुन्हा दाब. मग क्लॅम्प. ताप एकदम दिला तर जाड भागात मोनोमर उकळतो आणि आत बारीक छिद्रं पडतात. त्या छिद्रांत पुढे घाण धरते, वास येतो आणि पेशंट म्हणतो, लॅब वाईट. म्हणून ७४ अंश आणि आठ तास. लाइट गेली नाही तर.

संध्याकाळी ७.३०

हिशोब. आज आलेले ३,१५०, त्यातले दीडशे रिक्षावाल्याचे. गेलेले १,४८०. मुलगी सातलाच गेली, तिची बस असते. पोरगा मोरीतल्या गाळाच्या टाकीतून प्लास्टर काढतोय. आठवड्यातून दोनदा काढलं नाही तर पाइप दगड होतो.

मामांचा फोन वाजतो. आजींची सून. दवाखान्याचा फोन लागत नाही, म्हणून इकडे केला.

"रात्री घालून झोपू दे का?"

"नको. काढायची, ब्रशनं धुवायची, साध्या पाण्यात बुडवून ठेवायची. गरम पाणी अजिबात नको. आणि तोंडातली दोन बटणंपण मऊ ब्रशनं घासायची. ती विसरू नका. तिथे घाण बसली तर हिरडी सुजते."

पलीकडून काहीतरी लांबलचक येतं. मामा ऐकतात.

"डावीकडे? जिभेच्या बाजूला की ओठाच्या? ... बरं. घरी कानशीनं घासू नका. गुरुवारी या, मी दवाखान्यात येतो. पण एक करा, बुधवारी दिवसभर कवळी घालूनच ठेवायला सांगा. दुखलं तरी थोडं सोसू दे. लाल झालेलं दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर मी कुठलं काढू?"